टिकटिक गाळल्यावर उरलेला आवाज

“टिकटिक गेली! ताई, गेली!” जया खाटेवर उभी राहून नाचायलाच लागली.

दिवाळीच्या सुट्टीत तिची मावसबहीण दिव्यानीताई चंद्रपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून सिंदेवाहीजवळच्या या गावी आली होती. सोबत तळहाताएवढा एक रेडिओचा बोर्ड होता आणि त्याची गंमत अशी, की नवी फाईल टाकली की चिपमधली जोडणीच बदलायची! काल तो गाणी ऐकवत होता, आज हवेतली खरखर. रानडुकरांसाठी कुंपणांना लावलेली झटका मशीन त्यात दर सेकंदाला ‘टिक’ करायची. ती टिकटिक गाळणारी जोडणी जयाने तीन दिवस डोकं लढवून आखली होती.

“पण हे घर्रर्र काय होऊन राह्यलं?” मैत्रीण पायलने कान टवकारले.

“तुयी जोडणीच चुकली!” धाकटा भाऊ पिंटू खिदळला.

जयाचा चेहराच पडला. तिने जुनी फाईल परत टाकली. टिकटिक आली, पण तिच्यामागे घरघरही होतीच! म्हणजे चूक तिची नव्हती.

“तीन वाजल्यापासून आहे,” ताईने स्क्रीनवर बोट ठेवलं.

“तीनले तर शेतीच्या पंपांची लाईन आली!” पायल म्हणाली.

ताई एकदम गंभीर झाली. “मशीन ठोके देते. ही सलग घरघर म्हणजे कोणीतरी सरळ लाईनचा करंट तारेवर सोडलाय. तार गवताला टेकून ठिणग्या पडताहेत.”

“बाबा!” जया किंचाळली. तिचे बाबा मुखरू तलावात जाळं टाकायला गेले होते. चार वाजता ते ओल्या पायांनी त्याच कुंपणांच्या कडेने परतायचे!

ताईने लाईनमनला फोन लावला. “रेडिओच्या खरखरीवर गावाची लाईन बंद करू काय? तार दाखवा आधी!” तो गुरगुरला.

“पायल, रस्त्यानं तलावावर पळ!” जया म्हणाली. “ बाबाले तिकडंच थांबव!”

बाकीचे तिघं बोर्ड आणि अँटेना घेऊन रस्त्यानेच निघाले. भैयाजी नावाच्या शेतकऱ्याच्या धानाच्या शेताजवळ घरघर कान फोडू लागली.

“माया कुंपणाले सोलरची मशीन आहे. डब्बा दिसत नाई काय?” भैयाजी डाफरले.

“मंग बंद करून दाखवा ना, भाऊ,” जया साळसूदपणे म्हणाली.

भैयाजींनी ऐटीत बटण दाबलं. “झाली!”

घर्रर्र... चालूच!

“मशीन बंद, मंग हे काऊन बोंबलून राह्यलं?” पिंटूने विचारलं.

भैयाजींचं तोंड पांढरंफटक पडलं. “अरे बाप्पा! मशीन बिघडली म्हणून राती लाईनवर आकडा टाकला. पहाटे लाईन गेली, सकाळी मशीन सुधरली, अन् आकडा काढायचा राहूनच गेला!” ते तारेकडे धावले.

“हात लावू नका!” ताईने त्यांना मागे ओढलं आणि पुन्हा फोन लावून आकड्याचं सांगितलं. या वेळी लाईनमनने मुकाट्याने डीपी पाडून लाईन बंद केली. घरघर गप्प झाली, तरी जयाने पूर्ण मिनिटभर श्वास रोखून ऐकलं.

लाईनमन धापा टाकत आला. त्याने आकडा काढला, मग वाकून पाहिलं. तार सैल होऊन थेट पायवाटेवरच्या गवतात लोंबत होती.

“पोरींनो, मी खांबावर चढूनही हे ऐकू शकलो नसतो,” तो खालमानेने म्हणाला. “तुम्ही फोन केला तेव्हाच यायला पाहिजे होतं मी.” भैयाजींना तर मान वर करवेना.

तेवढ्यात पायलबरोबर बाबा आले. त्यांनी तार पाहिली, मग स्वतःचे चिखलाने भरलेले पाय.

“माया पोरीनं आज...” त्यांनी जयाच्या डोक्यावर हात ठेवला. तो अजून ओला होता, गार होता.