मधला फुगवटा

कचेरीत तिला सगळे फूटपट्टी म्हणत. जमिनींचे नकाशे काढणारी ही बाई चहात साखरसुद्धा चमचा सपाट करून घाले, तेव्हा नाव काही उगीच पडलेलं नव्हतं. सुईदोऱ्याशी मात्र तिचा छत्तीसचा आकडा. तरी तिने हट्टाने गोधडी शिवायला घेतली, कारण धाकट्या बहिणीला सातवा महिना लागला होता. आधी दोनदा धाकटीच्या पदरी निराशाच आली होती. या वेळी बाळ सुखरूप हाती यावं, एवढंच फूटपट्टीच्या मनात होतं.

जुन्या चादरी आणि धाकटीचे लहानपणचे फ्रॉक कापून तिने चौकोन जोडले, खाली कापूस आणि अस्तर घातलं आणि चारी कडांनी टाके घालत आत आत सरकत गेली. टाके कसले, कोंबडीचे पायच! पण पंधरा दिवसांत ती मध्यापाशी पोचली आणि तिथे कापडाला हा एवढा फुगवटा आला.

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी कपाळाला हात लावला.

"मॅडम, कडेपासून सुरुवात केलीत? अहो, टाके मधून बाहेर घालायचे. केर दाराकडे लोटतो ना, तसा झोळ बाहेर लोटायचा. आता उसवा सगळं."

उसवायचं तिच्या अगदी जिवावर आलं. तिने तळव्याने फुगवटा दाबला. तो हळूच पुन्हा वर आला. कापूस आहे, फुगणारच, असं म्हणून तिने सवयीने मोजमाप घेतलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत नऊ इंच भरलं. पुढच्या आठवड्यात ते साडेदहा झालं. मधल्या काळात तिने एकही टाका घातला नव्हता. खोलीत ऊन येत नसूनही कापड मधोमध कोमट लागत होतं.

मग एका रविवारी सकाळी धाकटीचा फोन आला. फूटपट्टी गोधडीवर हात टेकून बोलत होती.

"अगं, आत्ता बघ, लाथ मारली!" धाकटी हसली.

त्याच क्षणी तळव्याखाली कापड हललं.

योगायोग, फूटपट्टीने स्वतःला बजावलं, आणि फुगवट्यावर एक बोट जरासं रुतवलं.

"आई गं!" धाकटी कळवळली. "एकदम दचकलं बघ. काय झालं कोण जाणे."

तिने बोट उचललं आणि कापडावरून हलकेच हात फिरवला.

"हं, झालं शांत," धाकटी म्हणाली.

तिसऱ्यांदा बघायची फूटपट्टीची छाती झाली नाही. सांगणार तरी कोणाला? लोकांनी वेड्यातच काढलं असतं. तिने सुया, कात्री, टाचण्या सगळं कपाटात कुलूपबंद केलं, गोधडी पलंगावर सैल पसरली आणि स्वतः खाली सतरंजीवर झोपू लागली. बाळ होईपर्यंत हिला कोणाचा हात लागू द्यायचा नाही, असं तिने ठरवलं. दिवस बरे गेले. धाकटी खूश होती आणि फुगवटा तेरा इंचांवर गेला होता.

नववा लागला त्या आठवड्यात ती कचेरीतून परतली, तर शिंपीणबाई जिन्यातच उभ्या. घराची जादा चावी त्यांच्याकडे असायची.

"नळवाला आला होता, म्हणून तुमचं दार उघडलं. गोधडी तशीच पडलेली! म्हटलं, बाळ येईल तरी ही काही पुरी होत नाही. सकाळी अकराला नेली दुकानात. उसवत कोण बसतंय? मधोमध चीर दिली, जादा कापड काढून टाकलं, घट्ट शिवलं आणि वर कडक इस्त्री फिरवली. जाऊन बघा तरी!"

ती धावत वर गेली.

गोधडी पलंगावर नीट पसरलेली होती. अगदी सपाट.

तिने मधोमध तळवा ठेवला. कापड गार होतं.

तिने धाकटीला फोन लावला; नंबर दोनदा चुकला. घंटा वाजत राहिली. उचल, बाई, उचल.

"ताई?" धाकटीचा आवाज झोपाळलेला, पण प्रसन्न होता. "अगं, किती दिवसांनी आज डोळ्याला डोळा लागला माझ्या. अकराच्या सुमारास एक सणसणीत लाथ बसली, आणि तेव्हापासून हूं नाही की चूं नाही. शहाणं झालंय गं आता. मावशीच्या वळणावर जाणार बघ, एकदम शिस्तीचं."