गुणगुण्याचा लहान आकडा

चंद्रावरच्या वसाहतीत धातूची फार टंचाई. म्हणून दर हंगामाअखेर सभेत तक्ता लागे आणि ज्याचा पिकावरच्या प्रभावाचा आकडा सर्वांत लहान, ते यंत्र मोडीत निघे. यंदा तक्ता केला होता बारा वर्षांच्या शाल्मलीने. टोमॅटोच्या पिकावर पाण्याचा प्रभाव ०.६० आणि तिच्याच वयाच्या निषादने बनवलेल्या गुणगुण्याचा (फुलांवर परागकण पसरवणारा इवलासा यंत्रमानव) जेमतेम ०.१५.

"नुसती शोभेची वस्तू!" शाल्मली ऐटीत म्हणाली. सभा खो खो हसली. निषादने मान खाली घातली.

घरी जेवताना मात्र शाल्मलीला एक गोष्ट खटकली. चाळीसपैकी दोनच वाफ्यांत गुणगुण्या फिरला होता आणि तिथेच तर टोमॅटो लगडले होते! मग आकडा एवढुसा कसा? तिने आजीला विचारलं. आजी संख्याशास्त्रज्ञ होती.

"पाणी लिटरमध्ये, गुणगुण्या 'आहे' किंवा 'नाही'. तुलना कशी केलीस?"

"दोन्ही प्रमाण विचलनात मोजले." (म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात, ते माप.)

"पाणी तेवढ्या मापाने वाढवता येतं. पण वाफ्यात थोडासा जास्त गुणगुण्या सोडता येईल का गं?"

"नाही. तो असतो, नाहीतर नसतो."

"आणि चाळीसात दोनच ठिकाणी असला, तर त्याचं विचलन अगदी लहान. परिणाम त्या विचलनाने गुणला, म्हणून आकडाही आक्रसला. तोच अर्ध्या वाफ्यांत असता, तर आकडा दुपटीहून मोठा झाला असता. काम मात्र तेवढंच! म्हणून असं विचार: पाणी सारखंच असेल, तर त्याच्या असण्याने वाफ्यामागे किती किलो वाढतात?"

शाल्मलीने गणित केलं. चार किलो!

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आकडा दुर्मीळपणामुळे लहान होता आणि तिने तो निषादच्या तोंडावर फेकला होता.

ती कार्यशाळेकडे धावली. निषाद स्वतःच गुणगुण्याचे पंख सोडवत होता.

"माझं चुकलं रे," ती पुटपुटली.

त्याने वर पाहिलंच नाही. "हसवलंस सगळ्यांसमोर. आता माझ्या कानात सांगतेस?"

शाल्मलीचे कान लाल झाले. तिथेच भिंतीवर साऱ्या वसाहतीत ऐकू जाणारा ध्वनिक्षेपक होता. तिने कळ दाबली. तिने सगळं सांगितलं: चूक, चार किलो, आणि शोभेची वस्तू म्हटल्याची लाजही. शेवटी म्हणाली, "पुढच्या हंगामात गुणगुणे निम्म्या वाफ्यांत सोडून बघूया."

निषाद अजून रागातच होता. पण त्याने एक पंख तिच्यापुढे सरकवला.

"धर नीट. वीस वाफ्यांना पुरतील एवढे बनवायचेत."