पाच मिनिटांत सिमेंट वाळत नाही

पेपर तपासायच्या हॉलमध्ये हसायला बंदी नव्हती. तशी वेळच कधी कुणावर आली नव्हती. त्यामुळे शेजारच्या टेबलावरचा परीक्षक फिस्सकन हसला, तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडे झटका आल्यासारखं पाहिलं.

"ऐका ना," तो हळूच मला म्हणाला. "एक गवंडी दहा दिवसांत भिंत बांधतो, तर हजार गवंडी किती वेळात बांधतील? हा पोरगा लिहितो, पाच मिनिटांत. पण सगळे भिंतीपाशी मावतात असं धरलं तर. मावणार नाहीत. मागचे नऊशे गप्पा मारतील. शिवाय पाच मिनिटांत सिमेंट वाळत नाही."

"मग चुकलं काय त्याचं?"

"काहीच नाही! कोण शिकवतं हो यांना?"

"मी..." म्हणाले, आणि कानापर्यंत लाल झाले. असली उत्तरं माझाच वर्ग लिहितो.

संध्याकाळी पावसात त्याने अख्खी छत्री माझ्यावर धरली. स्वतः निथळत चालला.

"एका छत्रीत दोघं मावतात," मी म्हटलं.

"असं तुम्ही धरून चालताय."

"मग करून बघा."

मावलो.

तपासणी संपेपर्यंत 'अहो'चं 'अरे' झालं. आईने तर त्याला न बघताच पसंत केलं. "गणिताचा माणूस, आणि हसतो? मग घालवू नकोस गं बाई."

मग निकाल लागला. त्या प्रश्नाला माझ्या सगळ्या वर्गाला शून्य. सिमेंटची काळजी करणारा तर थोडक्यात नापास.

"मुख्य परीक्षक म्हणाले, नुसतं उत्तर हवं, भाषण नको. म्हणून मी शून्य दिलं," तो खाली बघत म्हणाला. "मी अजून हंगामी आहे गं... पुढच्या महिन्यात कायम करतायत. तेवढं झालं की तुझ्या आईला भेटायला येणार होतो."

"फेरतपासणीच्या अर्जाची मुदत उद्या संपते."

"अर्ज केलास, तर शेरा माझ्या नावावर पडेल. नोकरी जाईल."

"नाही केला, तर तो पोरगा वर्षभर घरी बसेल."

"तो... की मी?"

त्याच्या शर्टाचं एक बटण लोंबत होतं. तेवढं तरी शिवून द्यावं, असं फार वाटलं.

"मला तू हवा आहेस," मी म्हटलं. "खूप."

आणि सकाळी जाऊन अर्ज दिला.

पोरगा पास झाला. परीक्षकाला काढलं. "बरोबर केलंस," एवढंच तो फोनवर म्हणाला, आणि पुन्हा त्याचा फोन आला नाही. भांडला असता तर निदान मला रागावता आलं असतं.

फेरनिकालाच्या दिवशी, वरच्या वर्गातही माझ्याकडेच आलेल्या त्या पोरांनी बाकं बडवून नुसता धिंगाणा घातला. पुढच्या बाकावरची मुलगी एकदम थांबली. "बाई, तुम्ही रडताय?"

"खडू गेला डोळ्यात."

फळा कोरा होता. हातात खडू नव्हता. दिसेल त्या वाक्यावर शंका घ्यायला मी ज्यांना वर्षभर शिकवलं, ती सगळी पोरं मुकाट वह्या उघडून बसली.