चौथं पाकीट

स्मृतिमापकाने भोईट्यांचा निकाल पुन्हा नाकारला तेव्हा डॉ. शलाका बोरवणकरला राग आला तो यंत्राचा नव्हे, भोईट्यांचा.

वाईजवळच्या निद्रासंशोधन केंद्रात दर तिमाहीला सगळ्यांची स्मृतिचाचणी होत असे. सोमवारी सकाळी वीस शब्द ऐकवायचे आणि मंगळवारी सकाळी त्यांतले आठवतील तेवढे लिहून घ्यायचे. चाचणी एवढीच. केंद्रात माणसं एकेचाळीस. चाळिसांचे निकाल पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटले होते. शलाकाचा गुणांक नेमका शंभर होता. संचालक डॉ. हेरंब टिळेकर यांचा एकशे सतरा होता आणि तो त्यांनी चहाच्या वेळी तिघांना ऐकवलाही होता. एकेचाळिसावी ओळ तेवढी लाल होती: 'रंगनाथ भोईटे, भांडारपाल. गुणांक दोनशे पन्नास. मापन सदोष. व्यक्ती वगळावी.'

दोनशेच्या वर माणसाचा गुणांक जाऊ शकत नाही, असं यंत्राला शिकवलेलं होतं. शिकवलं होतं शलाकानेच. तिने वगळण्याच्या आदेशावर सही केली आणि उठली. शब्दांच्या याद्या भांडारात ठेवलेल्या असत, म्हणजे म्हातारा त्या बघून ठेवतो हे उघड होतं. बासष्टाव्या वर्षी माणसाने कॉपी करावी याची तिला लाज वाटली, आणि ती त्याला दोन शब्द सुनावायला निघाली.

भोईटे हे केंद्रातलं चेष्टेचं गिऱ्हाईक होतं. इथली सगळी माणसं सहा वर्षं 'निद्रासार' वापरत होती. टोपीसारखं यंत्र डोक्यावर चढवायचं, दोन तासांत ते मेंदूकडून गाढ झोपेच्या लहरी काढून घेणार, आणि माणूस आठ तास झोपल्यासारखा टवटवीत उठणार. दिवसाचे सहा तास वाचले म्हणून माणसं खूश होती. वाचलेल्या वेळेत ती आणखी काम करत आणि त्याबद्दल एकमेकांचं कौतुक करत. टिळेकर जेवताना दर आठवड्याला पुणेरी डॉक्टरचा एकच विनोद सांगत, आणि तो सगळ्यांना दर वेळी नवा वाटे. एकटे भोईटे हसत नसत. मोटरसायकलवरून पडल्यावर त्यांच्या कवटीत धातूची पट्टी बसवली होती, त्यामुळे त्यांना टोपी चालत नव्हती. ते आपले नऊला आडवे व्हायचे आणि पाचला उठायचे. लोक त्यांना कुंभकर्ण म्हणत.

"भोईटेमामा," शलाका भांडाराच्या दारातच म्हणाली, "पंधरा शब्द कुणाला आठवत नसतात. यादी कुठून मिळाली?"

भोईटे दिव्यांची खोकी मोजत होते. त्यांनी हातातलं खोकं खाली ठेवलं.

"यादी सीलबंद असती, मॅडम. सील तुमीच फोडता."

"मग?"

"मग काय? ऐकलं, घरी गेलो, झोपलो. सकाळी हुतं डोक्यात. मागल्या खेपंचे बी सांगू का? परात, उंबरा, घुबड, किल्ली, हिंमत... चिंच बी हुती."

शलाकाने फोनवर मागच्या तिमाहीची यादी उघडली. सहाच्या सहा शब्द त्या यादीत होते. ती यादी तिने स्वतः तयार केली होती, आणि तिला त्यातला एकही शब्द आठवत नव्हता. पूर्वी आपल्याला किती आठवायचं, हे तिला पाहायचं होतं.

"पहिल्या चाचणीच्या उत्तरपत्रिका आहेत का हो? सहा वर्षांपूर्वीच्या?"

"हायत की. बसा."

भोईट्यांनी गठ्ठा काढून दिला. टोप्या वाटण्याच्या आधीची ती चाचणी होती. शलाकाने आपला कागद शोधला. स्वतःचं अक्षर, जरा तरुण, जरा घाईचं. तिने शब्द मोजले तर सोळा भरले. आज सकाळी तिने सहा लिहिले होते, आणि यंत्राने त्या सहांना शंभर गुण दिले होते. सगळ्यांची सरासरी तेव्हा चौदा होती. आजची सहा होती. भोईटे तेव्हा पंधरावर होते आणि आजही पंधरावरच होते.

चूक तिला उभ्या उभ्या दिसली, आणि ती इतकी साधी होती की तिला ओरडावंसं वाटलं. सुरुवातीला तुलनेसाठी निरोगी माणसं हवी होती. बाहेरचं कुणी वाईपर्यंत यायला तयार होईना, म्हणून घरचीच माणसं बसवली आणि त्यांच्या सरासरीला शंभर म्हटलं. ती झाली प्रमाणरेषा. पुढे तोच रिवाज पडला. शिवाय केंद्राला भारी अभिमान होता की आमची प्रमाणरेषा शिळी नसते, दर तिमाहीला आम्ही ती ताजी करून घेतो. माणसं खाली गेली तशी त्यांच्यासोबत रेषाही खाली गेली, आणि त्या रेषेवर उभी असलेली चाळीस माणसं सहा वर्षं एकमेकांना शंभर गुण देत राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग तिला मैथिली आठवली.

मैथिली तिची मुलगी, सतरा वर्षांची, बारावीला. वैद्यकीयच्या प्रवेशपरीक्षेसाठी तिला वेळ पुरत नव्हता. जूनमध्ये शलाकाने स्वतःच्या हाताने विद्यार्थ्यांसाठीची टोपी तिच्या डोक्यावर बसवली होती आणि संमतिपत्रावर पालक म्हणून सही केली होती. चारच महिने झालेत, तिने स्वतःला सांगितलं. चार महिन्यांत फारसं काही झालं नसेल.

टिळेकरांच्या खोलीत ती दार न वाजवता शिरली. उत्तरपत्रिका टेबलावर पसरल्या आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. टिळेकर माणूस बढाईखोर, पण शास्त्रज्ञ अस्सल. त्यांनी दोन कागद ताडून पाहिले आणि चष्मा काढून ठेवला.

"मेंदूतला केर दोन प्रकारचा असतो, शलाका," ते हळू बोलले. "एक हलका. डोळ्यांवर पेंग आणतो तो. तो झोपेच्या पहिल्या तास-दोन तासांत निघून जातो. निद्रासार तोच काढतं, म्हणून माणूस ताजा होऊन उठतो."

"आणि दुसरा?"

"दुसरा चिकट. पेशींच्या सांदीत बसणारी प्रथिनं. करपलेलं पातेलं रात्रभर भिजत ठेवावं लागतं ना, तसं आहे ते. दोन तासांत त्यांना हातही लागत नाही. सहा वर्षांचा केर साचलाय आपल्या डोक्यात."

"पण मला माझं सगळं शास्त्र आठवतं, सर. घरचा पत्ता, लोकांची नावं, सगळं."

"ते जुनं आहे. नाहीतर रोजच्या घोटण्यातलं. नवी गोष्ट एकदाच कळली, तर ती पक्की होते पहाटेच्या झोपेत. ती झोप आपण कापून टाकली." टिळेकर खिन्न हसले. "आणि आपल्याला वाटलं, वेळ वाचला."

"माणसाला आपलं आपल्याला कळू नये?"

"कशाने कळणार? ज्याने ओळखायचं तोच मेंदू झिजलाय. त्याला आपण ठणठणीतच वाटणार. म्हणून तर माप बाहेरचं लागतं, आणि आपण माप म्हणून आपल्यालाच धरलं."

 येत्या सोमवारपासून जिल्ह्यातल्या सगळ्या कनिष्ठ महाविद्यालयांत बारावीच्या मुलांना टोप्या वाटायच्या होत्या. नऊ हजार मुलं होती.

"थांबवायचं," टिळेकर टेबलावर हात आपटून म्हणाले. "माझं नाव जाईल, जाऊ दे. तू नीट अहवाल लिही. उद्या सकाळी पहिलं काम हेच."

शलाकाचे डोळे भरून आले. या माणसाला आपण नुसता मिरवणारा समजत होतो याचं तिला वाईट वाटलं. त्या भरात 'उद्या' हा शब्द तिच्या कानावरून गेला आणि तिला खटकला नाही.

तिने चार पानं हातानेच लिहिली. संगणकावर ठेवलं असतं तर चाळिसांनी वाचलं असतं आणि आजच गोंधळ उडाला असता. पानं पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं, वर एक सूचना लिहिली, आणि साडेपाचला ती पुन्हा भांडारात आली. भोईटे डबा पिशवीत भरून निघायच्या तयारीत होते.

"मामा, हे तुमच्या कपाटात ठेवा. फार महत्त्वाचं आहे."

भोईट्यांनी पाकिटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कपाट उघडलं. "ठेवतो. आधीच्या तिनांवरच ठेवतो."

"कुठल्या तीन?"

त्यांनी तीन पाकिटं काढून टेबलावर ओळीने मांडली. एकावर जानेवारी, दुसऱ्यावर एप्रिल, तिसऱ्यावर जुलै. तिन्हींवर अक्षर शलाकाचं होतं.

तिने जानेवारीचं फोडलं. चार पानं. सोळा शब्द, सहा-सात शब्द, प्रमाणरेषा, हलका केर, चिकट केर. 'टिळेकर सरांनी उद्या सकाळी थांबवतो म्हटलं आहे.' आणि शेवटी, खाली रेघ मारून: 'मैथिलीला कधीही टोपी लावू द्यायची नाही.' एप्रिलच्या पाकिटातही तेच होतं, जवळजवळ त्याच शब्दांत. जूनमध्ये तिने मुलीच्या डोक्यावर टोपी बसवली होती, आणि मुलगी हसली म्हणून फोटोही काढला होता.

"तुम्ही बोलला का नाहीत?" ती ओरडली. "नऊ महिने हे कपाटात ठेवून गप्प बसलात?"

"वर काय लिवलंय ते वाचा की, मॅडम."

पहिल्या दोन पाकिटांवर लिहिलं होतं: 'मी स्वतः मागितल्याशिवाय कुणालाही देऊ नये. मलाही.'

"तुमी मागितलंच न्हाई," भोईटे म्हणाले. "तरी मी दुसऱ्या दिशी इषय काढला हुता. तुमी म्हनलात, मामा, झोपंत हुता काय. समदी हसली."

तिने तिसरं पाकीट फोडलं. जुलैची पानं वेगळी होती. त्यांत एक परिच्छेद जास्तीचा होता: 'आज मैथिलीला इथे बोलावून सगळं समजावून सांगितलं. मी विसरले तरी ती लक्षात ठेवील. तिची टोपी तिला एक महिनाच झाला आहे. आजपासून बंद.' त्याखाली मैथिलीची सही होती. थ अक्षराला तिची ती लहानपणापासूनची उलटी वेलांटीही होती.

शलाकाने मुलीला फोन लावला. फोन दोन वेळा वाजला.

"मैथिली, तू टोपी वापरतेस अजून?"

"म्हणजे काय? रोज! आई, आज माझे चार धडे झाले."

"जुलैमध्ये तू केंद्रात आली होतीस. भांडारात. आठवतंय?"

"मी? काहीतरीच काय! तुझं केंद्र मी बाहेरूनसुद्धा नीट पाहिलेलं नाही. आई, तुला बरं नाही का?"

"बेटा, नीट आठवून बघ. तू एका कागदावर सही केलीस..."

"आई, मला वाचायचंय. रात्री बोलू." फोन बंद झाला.

शलाका त्या सहीकडे बघत राहिली. "आली होती ना हो ती?" तिने विचारलं, आणि भोईट्यांनी नाही म्हणावं असं तिला मनापासून वाटलं.

"त्या स्टुलावर बसली हुती. च्या दिला मी. लई रडली. जाताना म्हनली, मामा, आईकडं लक्ष ठेवा."

आता मात्र शलाका रडली नाही. तिने पेन काढलं, नव्या पाकिटावर आधी लिहिलेलं खोडलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं: 'उद्या सकाळी नऊ वाजता मला द्यावे. मी न मागता.' जरा थांबून खाली आणखी एक ओळ घातली: 'गुणांकावर विश्वास ठेवू नकोस. भोईटे सांगतील तेच खरं.'

"हे उद्या माझ्या हातात ठेवायचं, मामा. मी काहीही म्हणाले तरी."

भोईट्यांनी जुलैचं पाकीट उलटं केलं. त्याच्यावरही त्याच दोन ओळी होत्या. काना-मात्रेचाही फरक नव्हता.

"दिलं होतंत तुम्ही?" शलाकाने विचारलं. 

"दिलं की. नऊला बरोबर दिलं. तुमी फोडलं, वाचलं. म्हनलात, अक्षर तर माजंच हाय. मग पडद्यावर तुमचा निकाल बघितला. शंभर. हसलात, आन् पाकीट परत चिकटवून माज्या हातात दिलंत."

"आणि तुमच्याबद्दल लिहिलं होतं, ते?"

भोईटे क्षणभर अवघडले. "म्हनलात, मामा, वाईट वाटून घेऊ नका, पर तुमचं मापन सदोष हाय. कालच सही केलीय मी."

बाहेर कुणीतरी दिवे लावले. भोईट्यांनी टेबलावरची तीन पाकिटं गोळा केली, चौथं वर ठेवलं, कपाट लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"नऊला देतो, मॅडम," ते पिशवी उचलत म्हणाले. "निघू का आता? जेवून येळेत झोपायचं असतंय मला."