काशम्मा काय म्हणत होती

लाइट यायला अजून तासभर तरी लागेल. तोवर ऐका.

ही गोष्ट मडिवाळप्पाची. शुक्रवार पेठेत राहतो, दवाखान्यांचे कॅमेरे आणि सर्व्हर दुरुस्त करतो, माझ्या चांगल्या ओळखीचा. दवाखान्याचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर उद्या तुम्हीच तिथं जाऊन फोटो काढत बसाल.

२०२४ सालचा ऑक्टोबर, तेवीस तारीख, बुधवार. रात्री पावणेअकराला मॅनेजर सयाजीचा फोन आला, "मडी, सर्व्हर रिसेट करायचाय. आत्ताच ये." असलं काम दिवसा नसतं, रात्रीच असतं. मडीनं पिशवी उचलली, गाडीला किक मारली, निघाला.

तळघरात धुतलेल्या चादरींची खोली. तिथंच कोपऱ्यात सर्व्हर. सहा डिस्का. दवाखान्यातल्या प्रत्येक कॅमेऱ्याचं चित्र आणि आवाज त्यांच्यात साठायचा.

"नुसतं रिसेट नको," सयाजी म्हणाला. "डिस्का पार धुऊन काढ. कुणाच्या बापाला परत मिळाल्या न्हाय पायजेत. नावातच परीट हाय की तुझ्या!"

कानडीत मडिवाळ म्हणजे परीटच. मडी हसला नाही.

"काय हाय त्यात?"

"चार नंबरची म्हातारी."

म्हणजे काशम्मा. अक्कलकोटकडची. मराठीचा एक शब्द येत नव्हता. बारा दिवसांपूर्वी ताप आला म्हणून आणली, एक इंजेक्शन दिलं, वीस मिनिटांत गेली. त्याच इंजेक्शननं मागं एकदा ती मरता मरता वाचली होती, बाटली ओळखायची. लेक नागव्वा दाराबाहेर उभी होती. तिनं तक्रार केली, की आई आतून 'ब्याड, ब्याड' ओरडत होती. कानडीत ब्याड म्हणजे नको. दवाखान्यानं उत्तर दिलं, म्हातारी बेड मागत होती. बघा हे शिकलेले लोक! माणूस मारायचा आणि एका शब्दाच्या आडून सुटायचं. दुसऱ्या दिवशी अकराला चौकशी समिती बसणार होती. खरं कोण, ते फक्त त्या डिस्का सांगणार होत्या.

"आन् मी का पुसू?" मडीनं विचारलं.

"सुई कुणी टोचली, ते इचार की. तुझ्या राजेश्वरीनं."

राजेश्वरी मडीची धाकटी बहीण. तिथंच नर्स.

सयाजी वर झोपायला गेला. मडीनं हेडफोन लावला आणि ते रेकॉर्डिंग उघडलं.

म्हातारी दोन्ही हात पुढं करून ओरडतेय. "ब्याड! सूजी ब्याड!" सूजी म्हणजे सुई. डॉक्टर मोबाइलमधून मान वर न काढता विचारतात, "काय म्हणतेय ही?" राजेश्वरी सांगते, "बेड मागतीय, सर." दुसरी नर्स खिदळते, "आजी, बेडवरच झोपलीयस की गं!" राजेश्वरीसुद्धा हसते. आणि सुई टोचते.

मडीनं रेकॉर्डिंग बंद केलं. राजेश्वरीला कानडी येत नव्हती? दोघं भावंडं कानडीतच बोलायला शिकली होती. म्हातारी शेवटपर्यंत तिच्याकडंच बघत होती. खोलीत आपलं बोलणं कळणारी एकटी तीच, हे म्हातारीला ठाऊक होतं. राजेश्वरीला कळलं होतं. पण डॉक्टरांना उलट सांगायचं नाही, हे ती नोकरीत पक्कं शिकली होती.

मडीच्या पिशवीत पेनड्राइव्ह होता. कॉपी करायला पाच मिनिटं. त्यानं तो बाहेर काढला. हातात धरला... आणि परत आत टाकला.

डिस्क पुसणं म्हणजे कोरी करणं नव्हे, पोरांनो. जुन्यावर दुसरं काहीतरी लिहायचं, त्यावर आणखी काहीतरी, म्हणजे खालचं जन्मात वाचता येत नाही. तीन फेरे. एका फेऱ्याला दोन तास. आणि प्रत्येक फेऱ्याआधी मशीन विचारतं, नक्की पुसू?

बारा वाजता त्यानं पहिल्यांदा 'होय' दाबायला बोट नेलं.

"ब्याड."

हेडफोनमध्ये. अगदी कानात. रेकॉर्डिंग तर केव्हाच बंद केलं होतं. त्यानं वायर बघितली. वायर मशीनमधून निघून खाली लोंबकळत होती.

त्यानं हेडफोन काढून फेकला. दाबलं.

दोन वाजता मशीननं पुन्हा विचारलं.

"ब्याड..."

आता मागून. चादरींच्या ढिगाकडून. मडीच्या तोंडून नकळत निघून गेलं, "सुम्न इर, अव्वा!" गप्प बस, आई. आणि त्याचं त्यालाच कळलं, आपण कानडीत उत्तर दिलं. म्हणजे आपल्याला समजलंय, हे तिलाही कळलं.

ढिगातली एक चादर हळूच खाली घसरली.

त्यानं दाबलं.

चार वाजले. तिसरा फेरा.

तो वाट बघत बसला. आवाज नाही. काहीच नाही. पंखे फिरत होते, तेवढेच. त्यानं हात पुढं केला...

हातावर हात आला.

थंड. हाडकुळा. धरला नाही. ओढला नाही. नुसता ठेवला...

मडीनं मान वळवली नाही. त्याला सगळं कळत होतं. शब्दाविना कळत होतं.

त्यानं दाबलं.

हात उचलला गेला.

सकाळी अकराला समितीपुढं मडीचा जबाब टाइप झाला. "सर्व्हर बिघडण्यापूर्वी मी रेकॉर्डिंग पाहिले. मला कानडी येते. रुग्ण बेड मागत होती." खाली सही. सहीशेजारी डाव्या हाताचा अंगठा. समितीनं जबाब मान्य केला, प्रकरण मिटवलं आणि साहेब लोक जेवायला उठले. सगळं वीस मिनिटांत.

मागं उरले सयाजी, मडी आणि समोर बसलेली नागव्वा. तिला वाचता येत नव्हतं. ती नुसती कागदाकडं बघत होती.

"च्या घ्या, मावशी," सयाजी म्हणाला. "झालं आता. गावाकडं जावा."

"ह्यो अंगठा कुणाचा?"

"ह्येचाच की. तुमच्या म्होरंच उठवला न्हाय का?"

नागव्वा उठली. "दाव, अण्णा," म्हणत तिनं मडीचा डावा हात धरला, पदरानं शाई पुसली आणि अंगठा उजेडाकडं फिरवला. अंगठा साफ होता. कुठं ओरखडाही नाही.

कागदावरच्या ठशात मात्र मधोमध एक तिरकी पांढरी रेघ होती. खोल. विळा लागून बोट चिरावं, तशी.

नागव्वानं आपल्या तक्रारीच्या कागदांतून दवाखान्यात भरती करतानाचा फॉर्म काढला. त्यावर तिच्या आईनं अंगठा उठवला होता. तो फॉर्म तिनं मडीच्या जबाबाशेजारी ठेवला.

दोन्ही कागदांवर तीच रेघ होती.