नुसती राख

डॉ. अनिता हैबतरावांच्या पेणच्या कचेरीत आल्या, पण खुर्चीवर बसल्याच नाहीत.

"आज चार वाजता रोह्यात सरकारची चौकशी समिती बसतेय. मला खोटारडी ठरवून उठणार आहे. आणि ती पावडर दुकानांत तशीच विकली जाणार!"

१९९६ चा ऑगस्ट होता. खाली गणपतीच्या कारखान्यात रंगकाम जोरात चाललं होतं. हैबतराव खासगी तपासाचं काम करायचे. वरिष्ठांशी भांडून पोलीसखातं सोडलेला हा गृहस्थ, तालुक्यात आधी रागासाठी आणि मग डोक्यासाठी ओळखला जायचा. त्यांचा जोडीदार हरेश टिपणवही शोधायला उठला. वही सापडेपर्यंत अर्धी हकिगत निसटते, ही त्याची जुनी खोड.

"कुठली पावडर? नीट सांगा," हैबतराव म्हणाले.

"कणगीरक्षक. वालाला कीड लागू नये म्हणून चोळतात. स्तनाच्या गाठीतल्या काही पेशी आम्ही काचेच्या बशीत वाढवतो. बाईच्या शरीरातलं संप्रेरक मिळालं की त्या भराभर वाढतात, नाही मिळालं तर सुस्त पडून राहतात. या पावडरीतलं कीटकनाशक त्या संप्रेरकाचं सोंग घेतं. पेशी फसतात."

"म्हणजे हिच्यामुळे कॅन्सर होतो?" हरेशने विचारलं.

"एका बाईला कशामुळे झाला, ते मी सांगू शकत नाही. पण असली गाठ असेल, तर तिला हे खतासारखं लागू पडण्याची भीती आहे. तेवढ्यावर विक्री थांबवायला नको?"

गेल्या वर्षीच्या चाचणीवर कंपनीने हरकत घेतली. समितीने फाल्गुनात ठरवलं, की फेरचाचणीचे वाल तक्रार करणाऱ्या निडीच्या ठमाबाईंच्याच घरून घ्यायचे. जुलैत पंचनामा करून दोन डबे भरले, एक पावडर लावलेल्या वालांचा आणि एक न लावलेल्या. दोन्हींवर लाखेचं सील.

"तीन बश्या होत्या," अनिता म्हणाल्या. "पहिलीत नुसतं पोषणद्रव्य, दुसरीत पावडरवाल्या वालांचा अर्क, तिसरीत स्वच्छ वालांचा. गेल्या खेपेला फक्त दुसरीत पेशी वाढल्या. यंदा तिसरीतही! कंपनी म्हणते, दोष तुमच्या वालातच आहे."

"आणि पहिली बशी?"

"शांत."

सोबत आलेल्या निकेशकडे, त्यांच्या प्रयोगशाळेतल्या मदतनिसाकडे, हरेश मघापासून संशयाने बघत होता. हैबतरावांनी निकेशलाच विचारलं, "बश्या, नळ्या वेगवेगळ्या होत्या?"

"नाही साहेब, सगळं एकाच खोक्यातलं. आणि सील समितीच्या माणसांसमोर फोडलं, अर्कही त्यांच्यासमोरच काढून बश्यांत घातला."

"चला, गाडी पकडू."

कासू स्टेशन मागे पडलं तरी हरेश कुजबुजतच होता. "निकेशच! कंपनीने फोडला असणार त्याला."

"अर्क समितीसमोर घातला. आणि बश्या-नळ्यांतच भेसळ असती तर पहिली बशी शांत राहिली असती का? जरा डोकं चालव रे!"

निडीला ठमाबाईंच्या अंगणात त्यांची सून मैना धुणं धूत होती. ओल्या फडक्यावरचा लालभडक डाग पाहून हरेश दचकला. "रक्त?"

मैना खळखळून हसली. "हळद हाय दादा! साबन लागला की लाल व्हते. राखंनं पन व्हते."

ठमाबाईंनी आत बोलावलं. दोन वर्षांपूर्वी मुंबईत त्यांची एक छाती काढली होती. त्याविषयी त्या अशा बोलत, जणू कुणी बांध कोरून जमीन नेली होती.

"चाय ठेव गो मैना," त्या म्हणाल्या. "आपरेशनपासनं मला धूर सोसत नाय. पोरानं गॅस आनला, चूल मोडून टाकली."

"डब्यातल्या स्वच्छ वालांना औषध लावलं नव्हतं?" हैबतरावांनी विचारलं.

"नाय वो! औषध फकस्त बियान्याच्या वालांना. ते खायचे वाल. त्यांना नुसती राख. हिनंच चोळली शिमग्याला."

"पंचनाम्याला सूनबाई होत्या?"

"नाय. माहेरी, कोलाडला होती आठ दिवस."

हैबतरावांनी मडक्यातले थोडे खायचे वाल मागितले. मैनाने ते वाडग्यात घालून वर फडकं बांधून दिलं. चुलीची जागा बघून हैबतरावांनी चहा एका घोटात संपवला. त्यांचं कपाळ तापलं होतं.

"तुम्ही दोघीही रोह्याला चला," ते म्हणाले. "मैनाताई, मी बोलावीन तेव्हाच आत यायचं."

रोह्यात कंपनीचे अधिकारी साईराज एसी केबिनमध्ये भेटले. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज.

"आमचा काय संबंध? मी त्या घरात एकदाच गेलोय, पंचनाम्याला."

"वाल स्वच्छ होते?"

"अगदी! मैनाबाईंनी छान राख चोळली होती. औषधाचा कण नव्हता. डॉक्टरीणबाईंना प्रसिद्धी हवी, बाकी काही नाही."

बाहेर आल्यावर हरेश म्हणाला, "माणूस सज्जन वाटतो."

"शर्ट सज्जन आहे," हैबतराव गुरगुरले आणि समोरच्या हॉटेलातून त्यांनी लाकडाच्या भट्टीतली मूठभर राख आणि चमचाभर हळद मागून घेतली.

चार वाजता समिती बसली. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. हैबतराव उभे राहिले.

"पहिली बशी शांत राहिली, म्हणजे प्रयोगशाळा स्वच्छ. सील समितीसमोर फुटलं, म्हणजे डब्यातही नंतर काही गेलं नाही. भेसळ वालांवर आधीच होती. आता त्या वालांना लावली होती राख. मला सांगा, दोन वर्षं ज्या घरात चूल नाही, तिथे राख आली कुठून?"

अध्यक्षांनी पंचनाम्याची फाईल पुढे ओढली.

त्यांनी टेबलावर कागद ठेवला. एका कोपऱ्यात भट्टीची राख, दुसऱ्यात वाडग्यातल्या वालांवरून झटकलेली करडी पूड. दोन्हींत हळद घालून पाणी शिंपडलं. भट्टीच्या राखेतली हळद लाल झाली. दुसरी होती तशी पिवळी राहिली.

"हे रोह्यातल्या कुठल्याही बाईला कळलं असतं. ही राखच नव्हे!"

"मग काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"ते देणाऱ्याला विचारा. साईराजसाहेब, राख मैनाताईंनी चोळली हे तुम्हाला कसं कळलं? पंचनाम्याला त्या कोलाडला होत्या. पंचनाम्यात ना त्यांचं नाव आहे, ना राखेचं."

"कुणीतरी बोललं असेल..." साईराजचा आवाज पहिल्यांदा चिरकला.

हैबतरावांनी दार उघडलं. मैना आत आली, साईराजला बघून थबकली.

"ह्येच ते! शिमग्याला पिशवी घेऊन आलते. म्हनाले, चूल नाय तर राख कुठली आननार तुम्ही? भट्टीची हाय, फुकट घ्या."

"खायच्या वालांना औषध कुणी लावलं नसतं," हैबतराव म्हणाले. आवाज चढत होता आणि त्यांना तो आवरायचाही नव्हता. "डॉक्टरांनी त्यांना औषध लावू नका म्हणून बजावलं होतं, आणि या बायका शब्दाला जागल्या. म्हणून या साहेबांनी पांढरी पावडर करडी करून राख म्हणून दिली. या बायकांच्या साधेपणाचाच त्यांच्याविरुद्ध साक्षीदार केलात, लाज नाही वाटली?"

साईराज सावरून बसला. "रंग बदलला नाही म्हणून ते विषच झालं का? भट्टीतली माती असेल. निरुपद्रवी."

अध्यक्षांनी मान डोलावली. "तेही खरंच. नमुना तपासायला पाठवू. अहवाल येईपर्यंत विक्री चालू..."

मैना मध्येच बोलली. "साहेब, ते खायचे वाल व्हते. पाच महिनं आमी तेच खाल्ले. आत्यापन." ती आपल्या तळहातांकडे बघत राहिली. याच हातांनी तिने ती पूड चोळली होती.

डॉ. अनितांनी डोळे मिटले. चाचणी आपल्या बाजूने लागली याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता.

ठमाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या सावकाश पुढे आल्या आणि त्यांनी तो वाडगा साईराजच्या पुढ्यात सरकवला.

"माती हाय ना? मग टाक चार दाने तोंडात."

पंखा फिरत होता. साईराजने वाडग्याकडे पाहिलं, अध्यक्षांकडे पाहिलं आणि खुर्ची मागे ओढली.

"खा ना रं! माजी एक छाती गेली. ही पोर सव्वीस वर्साची हाय. खा!"

त्याने हात टेबलाखाली घेतले.

अध्यक्षांनी ते लपलेले हात पाहिले. त्यांनी कारकुनाला हाक मारली. "मघाचं खोडा. लिहा, विक्री आजपासून बंद. आणि पोलिसांना फोन लावा."

ठमाबाईंना ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्यांनी मैनाचे दोन्ही हात धरले, तिला बाहेरच्या नळावर नेलं आणि स्वतःच्या पदराने घासघासून ते धुवायला लागल्या.