काजळी गेली कुठं?

“ताई, नळी आतून कोरी निघाली हो! साहेब म्हणतात, मी प्रयोग केलाच नाही, आकडे घरी बसून रचले. प्रयोग पाहायला आलेले पाहुणे परत निघायच्या आत काही सिद्ध झालं नाही, तर माझी नोकरी गेलीच!”

संशोधिका रडवेली झाली होती. खाजगी तपासनीस बाईंनी तिला आधी पाणी दिलं. त्यांचे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, तपासात मदत करायचे. निदान त्यांचा तसा समज होता.

“प्रयोग काय होता?”

“हवा शिरू न देता नळीतून मिथेन वायू सोडायचा आणि हजार अंशांच्या वर तापवायचा. तो फुटतो. हायड्रोजन निघून जातो आणि कार्बनची काजळी नळीत बसते. काल रात्री मी मिथेन बंद केला. नळी झटकन निवली तर तडकते, म्हणून भट्टी हळूहळू उतरत ठेवली. दुपारी पाहुण्यांसमोर उघडली, तर मेलं काळं काही दिसेचना!”

प्रयोगशाळेत बाईंनी नळी उजेडाकडे धरली. मधला भाग पांढराशुभ्र होता. भट्टीबाहेर राहणाऱ्या टोकाला मात्र आतून बोटभर काळा पट्टा होता.

“जुना मळ असेल,” भाऊजी म्हणाले.

भट्टीवाले काका उखडले. “जुना? परवा खोक्यातून नवीकोरी काढून दिलीय मी. कुणाला उष्टं भांडं देईन होय?”

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा संशोधिकेच्या जागेवर डोळा होता. भाऊजींनी त्याला दरडावलं, “सकाळी कुठं होतात?”

“इथंच, भाषण पाठ करत होतो. पण तो हवेचा कॉम्प्रेसर इतका घरघरत होता, की वैतागून बाहेर जाऊन बसलो.”

शेवटी साहेब. “पाहुणे यायचे म्हटलं की सगळी आवराआवर मी स्वतः करतो, अगदी भट्ट्यांसकट,” ते ऐटीत म्हणाले. “आणि ही मुलगी मला तोंडघशी पाडते!”

“वहिनी, सहकाऱ्यानंच नळी बदलली,” भाऊजी कुजबुजले.

“मग कोऱ्या नळीला काळा पट्टा कुठून आला, भाऊजी?”

बाईंनी सगळ्यांना भट्टीपाशी बोलावलं.

“काजळी कुणी चोरली नाही, ती जळून गेली. मिथेन फुटतो तेव्हा नळीत हवा नसते, म्हणून कार्बन जळत नाही, साठतो. पण तापलेल्या नळीत हवा सोडली, की तीच काजळी कोळशासारखी जळते आणि वायू होऊन निघून जाते. बाहेरचं टोक थंड, म्हणून तिथली तेवढी वाचली. नळी नवी होती, म्हणजे तो पट्टा हिच्याच प्रयोगाचा. आता हवा कुणी सोडली? सकाळी भट्टी अजून पुरती निवली नव्हती आणि हवा सोडणारा कॉम्प्रेसर चालू होता. साहेब, तुम्ही भट्ट्या साफ कशा करता?”

साहेबांचा चेहरा उतरला. “हवा सोडून, काजळी जाळून. मिथेन बंद होता. मला वाटलं, भट्टी रिकामीच आहे.”

“अति तिथं माती,” काका पुटपुटले.

“पुरावा तुम्ही जाळलात आणि खोटी मला ठरवलंत?” संशोधिकेचा आवाज चढला. साहेबांसमोर तो आजवर कधी चढला नव्हता.

साहेब तडक पाहुण्यांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं. “मंडळी, तिचा प्रयोग खरा होता. चूक माझी झाली, सगळ्यांसमोर सांगतो. ती पुन्हा करून दाखवेल. एक दिवस थांबाल का?”

“थांबतो की!” आतून आवाज आला.

संशोधिका पुन्हा मुसमुसायला लागली.

“अगं, आता कशाला रडतेस?” भाऊजी पार गोंधळले.

“आनंदानं हो!” डोळे पुसत ती म्हणाली. “काका, चला, दुसरी नळी काढा!”